हालुश्चाक मास्तर ट्रेलर निजवतात

ट्रेलर विकायचा नाही हे ओरेस्ट हालुश्चाक मास्तरांनी मुलीचा फोन ठेवला त्याच क्षणी ठरवलं. का विकायचा नाही, याची कारणं त्यांनी नंतर जेवताना सावकाश शोधली. निर्धारी माणसाच्या बाबतीत क्रम असाच असतो.

मुलगी लारिसा विनिपेगला राहते आणि वडिलांना तातो म्हणते. ऑगस्टमध्ये मास्तरांची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून ती आणि तिचा नवरा ब्रेंट त्यांच्याशी हळू आवाजात, सोप्या सोप्या शब्दांत बोलायला लागले होते. ऐकणाऱ्याला वाटावं, डॉक्टरांनी जाळी हृदयात नाही, मेंदूत बसवली आहे. आधी बर्फ उपसायचं फावडं गेलं. मग शिडी गेली. मग जेवणातलं मीठ गेलं. मास्तरांनी हे सगळं गिळलं, मिठाशिवाय गिळलं. पण आता पाळी ट्रेलरची, सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायच्या त्या फिरत्या घराची, आली होती. ब्रेंटने त्याच्या ऑफिसातलं एक गिऱ्हाईकही गाठलं होतं आणि ते रविवारी बघायला येणार होतं.

"तातो, दरवर्षी तू तो वर्कशॉपमधून हिवाळ्यासाठी बंद करून आणतोस," लारिसा म्हणाली होती. "यंदा त्यांच्याकडे नंबर लागत नाहीये. आणि हे काम तुला आता झेपण्यातलं नाही. मग ठेवायचा कशाला?"

झेपण्यातलं नाही. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं विलो क्रॉसिंगच्या पोरांना भूगोल शिकवला, ज्यांना स्वतःच्या घराची उत्तर दिशा सांगता येत नव्हती अशांना टुंड्रा प्रदेश समजावला, त्याला चार नळांमधलं पाणी काढणं झेपणार नाही. मास्तरांनी टेबलावर जाहीर केलं की आपण ट्रेलर स्वतः, या दोन हातांनी, हिवाळ्यासाठी निजवणार. एकदा नीट निजवला की वसंतात तो उठणारच. आणि जो वसंतात उठणार आहे तो ऑक्टोबरात विकायचा प्रश्नच येत नाही. शास्त्रशुद्ध युक्तिवाद होता.

स्टेफीबाई कोबीच्या पानात भात गुंडाळत होत्या. त्या पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. लोकांची भांडणं काउंटरच्या पलीकडून शांतपणे ऐकायची त्यांना सवय. त्या एवढंच म्हणाल्या, "दमलास तर ट्रेलरच्या पायरीवर बस. आणि माझी चांगली फडकी नेऊ नकोस."

आता कॅनडातल्या मॅनिटोबात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण काम वाटतं तितकं साधं नसतं. चाकांवरच्या त्या घरात स्वयंपाकघर असतं, संडास असतो, गीझर असतो, आणि या सगळ्यांना जोडणारे बोटभर जाडीचे पाईप भिंतींच्या पोटातून कुठून कुठे जातात ते बनवणाऱ्यालाही नीट आठवत नसावं. त्यातल्या एखाद्या बाकात वाटीभर पाणी राहिलं, की ते जानेवारीत गोठतं, फुगतं आणि पाईप काकडीसारखा उभा चिरतो. एप्रिलमध्ये नळ सोडला की भिंतीतून कारंजी. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत सगळं पाणी हुसकून लावायचं असतं.

कसं हुसकायचं, यावरून आमच्या गावात शैव-वैष्णवांइतके जुने दोन पंथ आहेत. एक हवावाल्यांचा: कॉम्प्रेसर लावा, फुंकर मारा, पाणी बाहेर. दुसरा गुलाबीवाल्यांचा: दुकानात न गोठणारं गुलाबी पाणी डब्यांत मिळतं, ते पंपाने पाईपांत भरा आणि निर्धास्त झोपा. हवावाले गुलाबीवाल्यांना उधळे म्हणतात, गुलाबीवाले हवावाल्यांना बेजबाबदार. या दोन्ही पंथांत बेटीव्यवहार होतो, पण ऑक्टोबरात जपून.

शेजारचे लॉर्न थोर्वाल्डसन कट्टर हवावाले. मास्तर ट्रेलरखाली वाकून बघताहेत एवढं दिसताच ते न बोलावता कॉम्प्रेसर ढकलत आले. मास्तरांची शिडीही त्यांच्याच गराजात होती. लारिसाने ती तिथे दडवून ठेवायला दिली होती. शिडीचा विषय दोघांनीही काढला नाही. मास्तर सभ्य माणूस. आलेल्याला परत पाठवणं त्यांना जमलं नाही. लॉर्ननी नळी जोडली, एक डोळा मिटून काटा बघितला, आणि मास्तर म्हणाले, जरा जास्त होतंय का? लॉर्न म्हणाले, माझ्या वडिलांनी बोटीच्या इंजिनात याच्या दुप्पट हवा मारली होती. बोट बुडाली होती हे त्यांनी सांगितलं नाही. ते मास्तरांना आधीच ठाऊक होतं, पण आठवलं उशिरा.

आतून फट् असा आवाज आला. संडासामागचा एक जोड उडाला होता. मास्तर आत धावले, आणि उरलंसुरलं पाणी छताला लागून तिथून मास्तरांच्या डोक्यावर आलं. लॉर्ननी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पाईप मोकळा झाला म्हणजे."

मास्तरांनी त्यांचे आभार मानले, अगदी थंडपणे, आणि कॉम्प्रेसर कुंपणापर्यंत पोचवून दिला. मग दुपारभर संडासाशेजारी, जेमतेम एक माणूस उभा राहील अशा जागेत आडवे पडून तो जोड परत बसवला. पाना हातातून निसटून तीनदा नाकावर पडला. या अवस्थेत त्यांनी मनोमन धर्मांतर केलं आणि ते गुलाबीवाले झाले.

पण धर्मांतर सोपं, गुलाबी पाणी मिळणं अवघड. रेडिओवर कडक थंडीचा इशारा आला होता आणि गावातल्या दुकानातले सगळे डबे उठले होते. दुकानदार म्हणाला, शेजारच्या गावात बघा. शेजारच्या गावातला म्हणाला, त्याच्या शेजारच्या. असं करत करत मास्तर जवळजवळ सस्कॅचेवन प्रांताच्या हद्दीपर्यंत गेले, आणि तिथल्या एका पेट्रोलपंपाच्या मागच्या खोलीत त्यांना हवे तेवढे डबे मिळाले. परतताना गाडीत ते असे बसले होते, जणू राजकन्या जिंकून आणली आहे.

घरी आले तर समोरच्या नेटी क्रावेट्सबाई ट्रेलरमध्ये होत्या. उंदीर हा त्यांचा विषय. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गराजात उंदरांनी नवऱ्याच्या ठेवणीतल्या कोटाचं बाळंतपणाचं घर केलं होतं, तेव्हापासून त्या या लढ्यात उतरल्या होत्या. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत पेपरमिंटचं तेल शिंपडलं होतं, कपाटांत सुगंधी कागद खोचले होते, गाद्यांखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या, आणि खबरदारी म्हणून लसणाचे चार गड्डे टांगले होते. मास्तर आत पाऊल टाकून लगेच बाहेर आले. डोळ्यांतून पाणी येत होतं. नेटीबाईंना वाटलं, कृतज्ञतेने. मास्तरांनी तसं वाटू दिलं.

मग शुक्रवारी सकाळी खरं काम सुरू झालं. सगळ्या टाक्या आधीच रिकाम्या केल्या होत्या. मैल्याच्या टाकीचं वर्णन करण्यासारखं नाही, आणि मास्तरांनीही ते कुणाला सांगितलेलं नाही. बाहेरच्या बाजूने गीझरचं बूच काढून त्यातलं पाणी सोडून दिलं. पंपाची नळी पहिल्या डब्यात घातली, बटण दाबलं. पंप घुरघुरला आणि डब्यातली पातळी उतरायला लागली. मास्तर आत खुर्ची टाकून बसले, चहाचा कप हातात. डबा संपला. दुसरा लावला. तोही भराभर संपला. तिसरा लावताना मास्तरांच्या मनात आलं की या ट्रेलरमध्ये पाईप बरेच लांब असावेत. माणूस वर्षानुवर्षं एखाद्या घरात राहतो आणि त्याचं अंतरंग त्याला कळलेलं नसतं. या विचाराने ते जरा हळवेही झाले.

दारावर टकटक झाली. बाहेर गावच्या नगरपालिकेचा नियमवाला गार्थ पेलेटिए उभा होता. मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तरांनी त्याला नववीत भूगोलात नापास केलं होतं, आणि नंतर पुन्हा एकदा.

"सर," गार्थ पायाखाली बघत म्हणाला, "हे काय वाहतंय?"

मास्तरांनी पाहिलं. गीझरच्या उघड्या बुचातून गुलाबी पाण्याची धार पडत होती. ती घरापुढच्या उतारावरून संथ वळणं घेत, मध्ये एक छोटंसं बेट सोडून, रस्त्याकडेच्या गटारापर्यंत पोचली होती. थोर्वाल्डसनांचा पांढरा कुत्रा त्या प्रवाहाच्या काठी बसला होता. आता तो पोटापर्यंत गुलाबी होता. गीझरला वळसा घालणारी एक चावी असते. पाणी भरण्याआधी ती फिरवायची असते, म्हणजे गुलाबी पाणी गीझरमध्ये न जाता पुढे पाईपांत जातं. ही चावी मास्तरांनी फिरवली नव्हती.

पंप बंद करून ते परत आले आणि ताठ मानेने म्हणाले की पदार्थ निरुपद्रवी आहे, डब्यावर तसं छापलेलं आहे. गार्थने डबा वाचला, मान हलवली, आणि म्हणाला की तो त्यासाठी आलाच नव्हता. तो दुसऱ्या कामासाठी आला होता. एक नोव्हेंबरपासून घराच्या पुढच्या अंगणात ट्रेलर साठवून ठेवायला बंदी आहे. नवा नियम. बर्फ काढणाऱ्या गाड्यांना अडचण होते.

मास्तर म्हणाले, ठीक, मागच्या अंगणात ठेवतो. गार्थ म्हणाला, जरूर; पण तुमचं फाटक ट्रेलरपेक्षा अरुंद आहे. मास्तर म्हणाले, कुंपण काढतो. गार्थ म्हणाला, कुंपण काढायला परवानगी लागते. ती मिळेल, पण तिला जागेचा नकाशा लागतो. नकाशावर ज्याची सही लागते तो मूसच्या, म्हणजे इथल्या थोरल्या सांबराच्या, शिकारीला उत्तरेला गेला आहे. मूस मिळाला की येईल. मास्तरांनी विचारलं, मिळाला नाही तर? गार्थने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मग उशीर लागेल.

गावाबाहेरच्या शेतांतल्या शेडमध्ये लोक ट्रेलर ठेवतात हे खरं. पण मास्तरांनी दिवसभर फोन केले आणि सगळ्या शेड भरलेल्या निघाल्या. एका शेतकऱ्याने जागा देऊ केली, पण ती उघड्यावर, डुकरांच्या कुंपणात होती.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर स्टेफीबाईंनी बीटाच्या सुपाचं, बोर्श्टचं वाडगं पुढे सरकवलं आणि नवरा चमचा उचलत नाही हे पाहिलं. माणूस हृदयाने खचत नाही, फजितीने खचतो, हे त्यांना पोस्टाच्या काउंटरवर बसून कळलेलं होतं. त्या उठल्या, स्वेटर घातला आणि म्हणाल्या, "चल. उजेड आहे अजून. मी नळाशी उभी राहते, तू पंपाशी बस. ती चावी आधी फिरव."

मास्तरांनी चावी फिरवली, बूच लावलं, शेवटचे डबे ओढून आणले. पंप घुरघुरला. स्टेफीबाईंनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. आधी हवेची उचकी, मग साधं पाणी, मग फिकट, आणि मग एकदम गडद.

"गुलाबी," त्या आतून म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, "गरम पाण्याचा सोड."

"गुलाबी."

मग बेसिन. मग न्हाणीघर. मग संडास. प्रत्येक नळाला त्या आतून "गुलाबी" म्हणत होत्या आणि मास्तर बाहेरून "बंद कर" म्हणत होते. हळूहळू दोघांच्याही आवाजात काही तरी चढत गेलं. संडासाच्या वेळी स्टेफीबाई हसत होत्या. याच ट्रेलरमध्ये लारिसाला देवी आल्यासारखी पुरळ उठली होती, इथेच तळ्याकाठी एका पावसात सलग पत्ते खेळून दोघांचं भांडण झालं आणि मिटलं होतं. बाहेर येऊन स्टेफीबाईंनी मास्तरांच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि म्हणाल्या, झेपलं की.

रविवारी ब्रेंट गिऱ्हाइकाला घेऊन आला. गिऱ्हाईक म्हणजे डिरेक नावाचा एक उमदा, धडधाकट माणूस, फिकट रंगाच्या पँटमधला. ब्रेंटने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, दमला नाहीत ना? मास्तरांनी खांदा काढून घेतला.

डिरेकने टायर लाथेने तपासले, छताकडे पाहिलं, आत नाक घातलं आणि नेटीबाईंच्या उपाययोजनेने दोन पावलं मागे सरला. पण तो चिकाटीचा होता. बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं, त्यामागे पाय धुवायचा शॉवर. त्याने ते दार उघडून तोटी फिरवली. या एका शॉवरची आठवण मास्तरांनाही राहिली नव्हती आणि स्टेफीबाईंनाही. आधी थोडं गार पाणी आलं, मग त्याच्या मागे दबलेलं गुलाबी, आणि तेही थेट पँटच्या मध्यावर.

मास्तर म्हणाले, "हा राहिला होता. बरं झालं." आणि तोटी बंद केली.

एवढं होऊनही डिरेक हसला. गडी खिलाडू होता, हे कबूल केलं पाहिजे. पँट पुसत तो म्हणाला की सांगाडा मजबूत आहे, त्याला आवडला. आतलं सगळं उखडून काढायचं, पलंग, स्वयंपाकघर, भिंतीतलं लाकूड, सगळं. मग जमिनीला चार भोकं पाडायची आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर नेऊन आतून मासे धरायचे. मस्त खोपटं होईल. आणि बर्फ वितळताना एखाद्या वर्षी तळ्यात गेलं तरी हळहळ नाही.

ब्रेंटने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी तोंड उघडलं. तीन दिवस जुळवलेली सगळी भाषणं एकदम बाहेर यायला निघाली आणि दारातच अडकली. त्यांच्या आधी स्टेफीबाई बोलल्या.

"हा विकायचा नाही," त्या म्हणाल्या. आवाज काउंटरवरचा, शांत. "तुम्ही लांबून आलात, जेवून जा. पेरोगी आहेत. पण हा विकायचा नाही."

ब्रेंट म्हणाला, पण परवापासून हा इथे ठेवता येणार नाही, दंड होईल. लारिसाला हे माहीत आहे, लॉर्नने सांगितलंय. स्टेफीबाई म्हणाल्या, ते आम्ही बघू. ब्रेंट म्हणाला, तातोंच्या तब्येतीचं काय? मास्तरांचं भाषण अखेर दारातून सुटलं, पण त्यातलं एकच वाक्य शिल्लक राहिलं होतं. ते म्हणाले की डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला, चालायला आणि जगायला परवानगी दिलेली आहे. जावयांकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते हे त्यांना सांगितलं नव्हतं.

बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्यांसारख्या त्या पेरोगी सगळ्यांनी खाल्ल्या. डिरेकने दोनदा वाढून घेतल्या, मास्तरांच्या जुन्या पायजम्यात बसून.

सोमवारी सकाळी गार्थ पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे छापील नोटीस होती आणि चेहऱ्यावर अवघडलेपण. स्टेफीबाईंनी त्याला कॉफी दिली आणि नोटीस चष्मा लावून वाचली. मग विचारलं, गार्थ, यात लिहिलंय 'साठवून ठेवणे'. साठवून ठेवणे म्हणजे काय?

गार्थ म्हणाला, म्हणजे उभा ठेवणे. न वापरता.

"आणि वापरला तर?"

"वापरला तर तो रस्त्यावर असेल," गार्थ म्हणाला. "रस्त्यावर माझं काही नाही."

स्टेफीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची बहीण ओसोयूसला राहते, डोंगरांच्या पलीकडे ब्रिटिश कोलंबियात, जिथे द्राक्षं पिकतात आणि लोक जानेवारीत स्वेटरवर हिंडतात. दरवर्षी ती म्हणायची या, आणि दरवर्षी हे म्हणायचे बघू. मास्तरांना बायकोच्या नजरेचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. कळला तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. सगळे पाईप गुलाबी, गीझर रिकामा, पांघरुणं घडी करून ठेवलेली, बॅटरी काढून तळघरात. एवढी जिवापाड मेहनत करून निजवलेला ट्रेलर.

"पण पाणी?" ते म्हणाले.

"बादलीतून घेऊ," स्टेफीबाई म्हणाल्या. "माझ्या आईने आयुष्यभर घेतलं."

गार्थने नोटीस परत घेतली. घडी करून खिशात घातली, आणि जाता जाता मास्तरांना म्हणाला, सर, रॉकीजमध्ये खिंडीत हवामान बघून चढा. पश्चिमेकडून वारा आला की पलीकडच्या बाजूला पाऊस आणि या बाजूला कोरडं. हे तुम्हीच वर्गात शिकवलं होतं. त्याला तेव्हा हे येत असतं तर नापास केलं नसतं, हे म्हणायचं मास्तरांनी टाळलं.

निघायच्या दिवशी गल्लीतले लोक बाहेर आले. लॉर्ननी चाकांच्या साखळ्या आणि शिडी दोन्ही आणून दिली. शिडी कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, तुझीच आहे, लागली तर. कुत्रा अजून गुलाबीच होता. नेटीबाईंनी लसूण वाढवून दिला. पहिला बर्फ भुरभुरायला लागला होता, आणि मास्तरांनी काचा पुसून गाडी काढली. ट्रेलर मागे वळणावर एकदा डुगडुगला आणि सरळ झाला.

लारिसाचा फोन सस्कॅचेवनमध्ये आला, एका ट्रकथांब्यावर, जिथे स्टेफीबाई कागदी पेल्यातून सूप पीत होत्या. मास्तर हात धुवायला दुकानात गेले होते. लारिसाचा आवाज सावध होता. ब्रेंटने तिला रविवारचं सगळं सांगितलं होतं आणि तिने दोन दिवस स्वतःला आवरलं होतं. तिने विचारलं, ट्रेलरची हिवाळ्याची सोय झाली का?

"झाली," स्टेफीबाई म्हणाल्या. "आमचीही झाली."

मग लारिसाने विचारलं, तातो कुठे आहे, त्याला दे. स्टेफीबाईंनी काचेतून बघितलं. मास्तर दुकानातून बाहेर आले होते आणि शेजारच्या ट्रकवाल्याला, हातवारे करून, गीझरची चावी कधी फिरवायची ते समजावून सांगत होते. ट्रकवाला मन लावून ऐकत होता.

"तो शिकवतोय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी फोन करायला सांगते."